एकशे एक्केचाळीस मिनिटांची खात्री

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळचे आठ वाजून शून्य मिनिटे. आठव्या मजल्यावरच्या त्या घरात माणसे तीन, पलंगाशेजारी यंत्रे दोन, आणि त्यांतल्या मोठ्या यंत्राला वीज पुरवणारे भिंतीवरचे बटण एक. घड्याळाचा काटा बारावर येताच आजीने ते बटण बंद केले आणि वहीत वेळ लिहिली.

"आई, आज नका ना," चपला घालता घालता सूनबाई म्हणाली. "पहिल्या तारखेला केलीत की चाचणी. आज मोठ्या सिस्टर यायच्या आहेत."

"त्या यायच्या आहेत म्हणूनच. तेरा दिवसांपूर्वीचा आकडा म्हणजे शिळा आकडा."

"आकडा काय दूध आहे, नासायला?"

"एकतीस वर्षं विजेचे मीटर तपासलेत मी. आकड्याइतकं लवकर दुसरं काही नासत नाही."

पलंगावरून 'टक्' असा एक आवाज आला. जीभ टाळूला लावून काढलेला. एक टक् म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"बघ, नात माझ्या बाजूने आहे," आजी म्हणाली.

"ती नेहमीच तुमच्या बाजूने असते. तुमच्याच मुशीतली आहे ती." सूनबाईने लेकीच्या कपाळावर ओठ टेकवले, गळ्यातल्या नळीची पट्टी बोट घालून पाहिली आणि ती शाळेत शिकवायला निघून गेली. आजीचा मुलगा पहाटेच्या पाळीला केव्हाच गेला होता. आजीने दाराची वरची कडी लावली. कडी लावल्याशिवाय तिला घर बंद झाल्यासारखे वाटतच नसे.

मुलीला सगळे टिटवी म्हणत. जन्मली तेव्हा ती इतकी कर्कश रडली होती की आजीने तिथेच हे नाव ठेवून दिले. तो आवाज चार वर्षे टिकला. मग स्नायूंच्या आजाराने हात गेले, पाय गेले आणि शेवटी श्वास ओढणारे स्नायूही थकले. आता ती आठ वर्षांची होती. गळ्यात नळी, नळीला जोडलेले श्वासयंत्र, मिनिटाला अठरा श्वास. दुसरे यंत्र कफ ओढायचे. मान डोलवायची ताकद नव्हती. पण डोळे तिखट होते आणि जीभ त्याहून तिखट. तीन वर्षे रुग्णालयाच्या दीर्घ मुदतीच्या कक्षात काढल्यावर गेल्या ऑक्टोबरात तिला घरी आणायची परवानगी मिळाली होती, तीही एका वर्षापुरती.

ते वर्ष आज संपत होते. रुग्णालयाच्या गृहसेवा विभागातल्या मोठ्या सिस्टर अकरा वाजता येऊन घर पाहणार होत्या. त्यांचे मत अनुकूल पडले तर आणखी एक वर्ष. नाही तर टिटवी परत त्या कक्षात, जिथे बावीस खाटा होत्या आणि भेटीची वेळ होती चार ते सहा. तिथल्या तीन वर्षांत टिटवीने किती वेळा जीभ वाजवली आणि ती कुणाला ऐकूच गेली नाही, याचा हिशेब आजीजवळ नव्हता. तेवढा एकच.

परवानगीच्या कागदावर अटी नऊ होत्या. आजीला त्या पाठ होत्या, पण तिचा जीव सातव्या अटीत होता : वीज गेल्यास यंत्राची बॅटरी किमान एकशेवीस मिनिटे चालली पाहिजे. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला ती यंत्राची वीज बंद करी, यंत्राने बॅटरी संपत आल्याची शिटी दिली की किती मिनिटे झाली ते वहीत लिही आणि मगच वीज चालू करी. यात नियमबाह्य काही नव्हते. फक्त महिन्यातून दोनदा करायला तिला कुणी सांगितले नव्हते.

आठ ते दहा ती नेहमीच्या कामात होती. नातीला कुशीवर वळवणे, पाठीला उशी, नळीतला कफ ओढणे, हात धुणे, नोंद. पुन्हा वळवणे, पुन्हा हात धुणे, पुन्हा नोंद. हात धुऊन धुऊन तिच्या बोटांची कातडी सुरकुतलेल्या कागदासारखी झाली होती. दहा वाजून एकवीस मिनिटांनी यंत्राने शिटी दिली.

"एकशे एक्केचाळीस!" आजी म्हणाली. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

टक्, टक्, टक्. तीन म्हणजे टिटवी हसत होती.

आजीने बटण चालू केले आणि ठसठशीत अक्षरात लिहिले : '१४१ मिनिटे. समाधानकारक.' वही सिस्टरच्या खुर्चीसमोर उघडी ठेवली. मग टिटवीचे केस विंचरायला घेतले. एक वेणी झाली. दुसरीचे पेड पाडत असताना पंखा मंदावला, फिरता फिरता थांबला, आणि श्वासयंत्राच्या पडद्यावरचा हिरवा दिवा पिवळा झाला.

दहा बत्तीस.

आजी वेणी धरून तशीच उभी राहिली. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता : ११ मिनिटे.

तिला क्षणभर तो आकडा वाचताच येईना. एकतीस वर्षांत तिने लाखभर मीटर वाचले असतील. पण हा आकडा डोळ्यांतून आत शिरायला तयार नव्हता. मग शिरला. एकशे एक्केचाळीस मिनिटे बॅटरीत होती हे खरे. ती तिने स्वतःच, एकेक करून, खर्च केली होती. आता उरले होते ते केवळ अकरा मिनिटांच्या वीजपुरवठ्यात भरलेले. तपासणाऱ्यानेच तिजोरी रिकामी करून पावती लिहावी, तसे झाले होते.

टिटवीचे डोळे तिच्यावर होते.

"काही नाही गं," आजी म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

टक्, टक्. नाही.

"बरं. आहे काहीतरी. बॅटरी कमी आहे. मी करते."

तिने वीज कार्यालयाला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "केबल जळलीय, मावशी. बारापर्यंत येईल."

"बारापर्यंत म्हणजे बाराच्या आधी की नंतर?"

"आता तुम्हीच समजा."

सून वर्गात असली की फोन कपाटात असे. मुलाच्या कारखान्यात फोन आत नेता येत नसे. उरल्या सिस्टर. आजीच्या बोटाखाली त्यांचा नंबर होता आणि बोट हलत नव्हते. सिस्टरला सांगणे म्हणजे सातवी अट आपल्याच तोंडाने मोडल्याचे सांगणे. न सांगावे तर? वीज पाच मिनिटांत आलीही असती. सिस्टर अकराला येतील, यंत्र सुरू असेल, वहीत एकशे एक्केचाळीस असेल. सुंठीवाचून खोकला गेला असता.

पडद्यावर ७ झाले होते. चार मिनिटे गेली होती.

तिने नंबर दाबला. "सिस्टर, वीज गेलीय. आणि बॅटरी रिकामी आहे. मीच केली. सकाळी चाचणी घेतली."

पलीकडे गाड्यांचे भोंगे. मग सिस्टरचा आवाज, न चढलेला, न उतरलेला : "किती मिनिटं आहेत?"

"सात दाखवतंय."

"दाखवतंय ते विसरा. हाताने दाबायचा फुगा काढा, शेजारी ठेवा. बोटाला मीटर लावा. मी रस्त्यात आहे, वीस-पंचवीस मिनिटं. रुग्णवाहिकेला मी सांगते. आणि आजी, दाराची कडी काढून ठेवा. तुमचे हात मोकळे नसतील."

"हो."

पलंगाच्या वर खिळ्याला दोन पिशव्या टांगलेल्या होत्या. एकीत जास्तीची गळ्यातली नळी, दुसरीत फुगा : रबरी, हाताच्या पंजाएवढा, दाबला की हवा आत, सोडला की स्वतः भरणारा. आजीने फुगा काढला, दाबून पाहिला, तळहातावर हवा घेतली. रक्तातला प्राणवायू मोजणारा बोटाचा मीटर स्वतःच्या लहान बॅटरीवर चालणारा. तो टिटवीच्या तर्जनीला लावला. अठ्ठ्याण्णव. उशी थोडी खाली घेतली. आता कडी, असे म्हणून ती वळली. पडद्यावर अजून दोन मिनिटे दिसत होती.

आणि यंत्राने एक लांब, सपाट शिटी घातली व ते गप्प झाले.

रिकाम्या झालेल्या बॅटरीचा मीटर खोटे बोलतो. आजीने हे नोकरीत किती नव्या पोरांना शिकवले होते! ती मागे फिरली, नळी यंत्रापासून सोडवली, फुगा जोडला आणि दाबला. दहा एक्केचाळीस.

दाब, सोड. दाब, सोड. दाब, सोड. टिटवीची छाती वर होत होती, पण अर्धीच. फुगा पुरता भरायच्या आतच आजीचा पंजा पुन्हा आवळत होता. मीटरवर शहाण्णव. दाब, सोड. चौऱ्याण्णव. आजीने आणखी वेग वाढवला. तिच्या कानात फक्त तिचेच रक्त वाजत होते. ब्याण्णव. एक्क्याण्णव.

टक्, टक्.

"काय? नळी निघाली? कफ आहे?"

टक्, टक्. टक्, टक्. टिटवीचे डोळे विस्फारले होते. पण ते घाबरलेले नव्हते, चिडलेले होते. मग तिने एकच टक् केले. थांबली. पुन्हा एक टक्. तेवढीच थांबली. पुन्हा एक.

आजीला कळायला तीन टक् लागले. यंत्राच्या अठरा श्वासांची ती चाल होती. चार वर्षे, झोपेत आणि जागेपणी, ही मुलगी त्याच चालीवर जगली होती. जगातल्या कोणत्याही घड्याळापेक्षा ती तिला नेमकी ठाऊक होती. आजीने हात थांबवला, फुगा पूर्ण भरू दिला आणि पुढच्या टक्-बरोबर दाबला. सावकाश, शेवटपर्यंत. छाती पूर्ण वर आली.

टक्. दाब. टक्. दाब. ब्याण्णव. चौऱ्याण्णव. सत्त्याण्णव.

"टिटवी समुद्र आटवते म्हणतात, ते खोटं नाही," आजी पुटपुटली. तिच्या हनुवटीवरून घाम टिटवीच्या पांघरुणावर टपटपत होता. टिटवीने तीनदा वाजवण्याचा विचार केला असावा. पण चाल मोडेल म्हणून ती नुसती डोळ्यांनी हसली.

अकरा वाजले. उजवा पंजा आधी दुखला, मग जळला, मग त्याची जाणीवच गेली. आजीने एका टक् आणि दुसऱ्या टक् यांच्यामध्ये हात बदलला. डावा सहा मिनिटेच टिकला. तिने फुगा दोन्ही तळहातांमध्ये धरला, तापलेली वाटी उचलावी तसा.

अकरा वाजून सहा मिनिटांनी दार वाजले.

"आजी! मी आलेय! दार उघडा!" सिस्टरचा आवाज. आठ मजले चढून आलेला, तुटक, धापांनी भरलेला.

कडी.

आजीने डोळे मिटले. वरची कडी, जी बाहेरून कुणालाही उघडत नाही. ती लावल्यावाचून घर बंद झाल्यासारखे वाटत नाही, ती कडी.

"सिस्टर, कडी आतून आहे! माझे हात गुंतलेत!"

बाहेर खांदा दारावर आदळल्याचा आवाज. एकदा. दोनदा. दार आजीनेच पसंत केले होते, भक्कम पाहून.

टिटवी स्वतःच्या बळावर किती वेळ काढू शकते, हे रुग्णालयात मोजलेले होते : चाळीस सेकंद. तेही वर्षापूर्वी, घरी सोडण्याआधी, डॉक्टर उशाशी उभे असताना. पलंगापासून दारापर्यंत पावले अकरा; आजीने चाकांची खुर्ची बसवताना मोजली होती. अकरा जायची, अकरा यायची, कडी गंजाने थोडी अडते. गुडघे सदुसष्ट वर्षांचे.

"टिटवे," आजी म्हणाली. टक्, दाब. "दार उघडायला जाऊ का?" टक्, दाब. "तू सांगशील तेच."

मुलीने दाराच्या दिशेला डोळे फिरवले. दाराबाहेर सिस्टर काहीतरी बोलत होत्या. दोघींनीही ते ऐकले नाही. मग टिटवीने चाल मोडली. एकच टक्, मोठा.

आजीने पाच मोठे श्वास दिले. पाचवा दिला आणि फुगा सोडला.

एक, दोन, तीन. गुडघा वळताना कळवळला. सहा, सात. खुर्चीच्या चाकाला पाय लागला. ती भिंतीला धरून सावरली. अकरा. कडी अडली. तिने ती वर ढकलली, खाली ओढली, पुन्हा वर ढकलली. बोटांत जीव नव्हता. तिने मनगटाने मारली. कडी सुटली. दार उघडले की नाही हे पाहायला ती थांबली नाही. परत फिरली तेव्हा तिच्या आधी, तिला बाजूला सारून, सिस्टर पलंगाकडे धावल्या.

मीटरवर एकोणनव्वद. टिटवीचे ओठ पांढुरके. डोळे उघडे.

सिस्टरने फुगा उचलला आणि दाबला. एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशी. ब्याण्णव. आजी पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसली. 

"किती सेकंद लागले?" सिस्टरने न वळता विचारले.

"मोजले नाहीत," आजी म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच ती हे वाक्य बोलत होती.

टक्, टक्.

"हे काय?" सिस्टर दचकल्या.

"नाही म्हणतेय. तुम्ही घाईत दाबताय. तिच्या टक्-वर दाबा."

सिस्टरने भुवया उंचावल्या. बावीस वर्षे त्या फुगे दाबत होत्या. मग त्यांनी टिटवीकडे पाहिले, एक टक् ऐकला, दुसरा ऐकला आणि तिसऱ्यावर दाबले. सत्त्याण्णव.

"बरं, बाईसाहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तसं."

अकरा पंचवीसला पंखा हलला. यंत्राचा दिवा हिरवा झाला. सिस्टरने नळी जोडली, पडदा पाहिला, छातीवर कान लावला, मग फोन करून रुग्णवाहिकेला खालीच थांबायला सांगितले. अर्धा तास टिटवीला तपासून झाल्यावर ती गाडी परत पाठवली. त्यानंतरच त्या खुर्चीवर बसल्या. समोर वही उघडी होती.

"एकशे एक्केचाळीस. समाधानकारक," त्यांनी वाचले. "ही चाचणी कुणी सांगितली होती?"

"कुणी नाही."

"मग?"

"तुम्हाला दाखवायला."

सिस्टरने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. टंकलिखित, शिक्क्यासह. खाली सहीपुरती जागा. 'मुदतवाढ : ३६५ दिवस.'

"वर्षभराच्या तुमच्या नोंदी वाचून काल संध्याकाळीच केला होता," त्या म्हणाल्या. "आज फक्त चहा पिऊन सही करायची होती."

आजीने तो आकडा वाचला. मग तिने पेन मागितले. बोटे वळत नव्हती, म्हणून पेन मुठीत धरून तिने वहीत 'समाधानकारक' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि खाली लहान मुलासारख्या वाकड्या अक्षरांत लिहिले : 'चाचणी पूर्ण झाली तेव्हा मूल असुरक्षित होते. दोष माझा.' वही सिस्टरकडे सरकवली.

"आता तुमचा आकडा खोडा," ती म्हणाली. "मी तुमच्या जागी असते तर खोडला असता."

टक्, टक्. टक्, टक्. टक्, टक्.

"तुला नाही विचारलं," आजी म्हणाली. 

"तिलाच विचारायला हवं," सिस्टर म्हणाल्या. त्या उठून पलंगाशी गेल्या. टिटवीची एक वेणी घातलेली होती, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे. "घाबरलीस?"

एक टक्.

"कक्षात यायचंय? तिथे वीज जात नाही."

टक्, टक्.

सिस्टरने तिचे पांघरूण नीट केले. मग परत येऊन त्यांनी पेन उचलले. "वर्षाची सही मी आज करू शकत नाही, आजी. केली तर रात्री मलाच झोप लागायची नाही. पण तुम्ही फोन केला नसतात तर हा कागदच फाडला असता, हेही सांगून ठेवते. दुसरी बॅटरी उद्या विभागातून येईल; एकच दिली होती, तो आमचा आळस. पहिली भरलेली असल्याशिवाय दुसरीची चाचणी नाही. एका दिवसात दोन नाहीत. आणि वरची कडी आजच्या आज काढायची."

"स्क्रू चार आहेत," आजी म्हणाली. "काढते."

"तुम्ही नाही. तुमच्या हातांनी आज पुरे झालं."

सिस्टरने '३६५' वर रेघ मारली, शेजारी नवा आकडा लिहिला, दोन ठिकाणी सही केली आणि कागद आजीला वाचायला दिला.

मुदतवाढ : ९० दिवस.